पोटातील बिऱ्हाडकरू



आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना लहानपणाची एक सकाळ बहुधा आठवत असेल. सुट्टीचा दिवस असावयाचा, पोट उपाशी असावयाचे, आणि समोर एका हातात एरंडेलाची वाटी व दुसऱ्या हातात वावडिंगाचा काढा घेऊन आजी उभी असावयाची. मूल रात्री दात खाते, त्याचे पोट नगाऱ्यासारखे झाले आहे आणि खाल्लेले अन्न त्याच्या अंगी लागत नाही, एवढ्या तीन लक्षणांवर तिचे निदान पक्के होत असे : ‘पोराच्या पोटात जंत झालेत.’ ह्यांपैकी दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध वैद्यकशास्त्राला काही सिद्ध करता आलेला नाही; परंतु उरलेल्या दोन लक्षणांच्या बाबतीत आजीची नजर अचूक होती, हे कबूल केलेच पाहिजे.

आजीच्या दृष्टीने जंत हा चोर होता. आपण घास खावा आणि त्याने तो आतल्या आत पळवावा, असा तिचा सरळ हिशेब होता. हा हिशेब खोटा नाही. पण तो अपुरा आहे. अलीकडील काही दशकांत जगातील निरनिराळ्या प्रयोगशाळांतून आणि खेड्यापाड्यांतून जी माहिती गोळा झाली आहे, तिच्यावरून असे दिसते की, जंत हा चोरापेक्षा बिऱ्हाडकरूच अधिक आहे. चोर येतो आणि जातो. बिऱ्हाडकरू वर्षानुवर्षे मुक्काम करतो, भाडे देत नाही, आणि घरातील व्यवस्था हळूहळू आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेतो. घराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निरोप नेणारी जी यंत्रणा असते, तिच्यापर्यंतही ह्या बिऱ्हाडकरूचा हात पोचतो. शरीरातील ही निरोपांची यंत्रणा म्हणजेच आपल्या अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांतून पाझरणारी संप्रेरके. कृमी, संप्रेरके आणि अन्नाचे शक्तीत रूपांतर करणारी चयापचयाची क्रिया ह्या तिहींचे नाते काय, ह्याचा आज आपल्याला थोडा विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. ज्या देशात कोट्यवधी मुलांना दरसाल जंतांचे औषध द्यावे लागते, आणि त्याच देशात मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळते, त्या देशाच्या घरगुती प्रकृतीचा तो प्रश्न आहे.

कृमींची ओळख आपल्याकडे पुरातन आहे. चरकसंहितेने कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांवर तीन पायऱ्यांची चिकित्सा सांगितली आहे : पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे; दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत ते पोसतात ती परिस्थिती मोडणे; आणि तिसरी निदानाचा त्याग, म्हणजे मुळात ज्या कारणाने ते होतात ते कारण टाळणे. ह्या तीन शब्दांकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत. म्हणून ते ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

अर्वाचीन काळी ह्या विषयाला गती मिळाली ती अंकुशकृमीमुळे. इटलीतील मिलान येथे आंजेलो दुबिनी ह्या वैद्याला १८३८ साली एका शवाच्या आतड्यात हा जेमतेम बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा कृमी प्रथम दिसला. परंतु तो माणसाच्या पोटात शिरतो कोठून, हे पुढली साठ वर्षे कोणाला उमगले नाही. सर्वांची समजूत अशी की, तोंडावाटेच शिरत असला पाहिजे. १८९८ साली कैरो येथे आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ ह्या कृमीच्या अळ्यांवर काम करीत असताना अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब त्याच्या हातावर पडले. त्या जागी आग होऊन खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी सापडली. कृमीने दाराऐवजी भिंत फोडून घरात प्रवेश केला होता! त्याच सुमारास आपल्या आसामातील चहाच्या मळ्यांत पावसाळी चिखलातून अनवाणी हिंडणाऱ्या मजुरांच्या पायांना ‘पानी-घाव’ नावाचा खाजरा फोड होत असे. १९०२ साली बेंटली ह्या डॉक्टराने दाखवून दिले की, हा पानी-घाव म्हणजे जमिनीतील अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून आत शिरल्याची खूण होय. कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तेथून श्वासनलिकेने वर घशात, आणि मग गिळला जाऊन आतड्यात, असा ह्या प्राण्याचा द्राविडी प्राणायाम आहे.

आतड्यात पोचल्यावर तो काय करतो, ह्याचा हिशेब मांडता येतो. आपल्या देशात अंकुशकृमीच्या दोन्ही जाती आढळतात. त्यांपैकी लहान जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त गमवावयास लावतो. मोठ्या जातीचा त्याच्या पाचपट किंवा अधिक. थेंबाच्याही अंशाची ही गोष्ट वाटते. परंतु पोटात लहान जातीचे शंभर कृमी असले, तर दिवसाला ३ मिलिलिटर, म्हणजे महिन्याला एक लहान पेला भरेल इतके रक्त नाहीसे होते. ज्या बाईच्या आहारात लोह आधीच बेताचे, जिचे रक्त दर महिन्यास आणि प्रत्येक बाळंतपणात खर्ची पडते, तिला हा पेला परवडणारा नाही. तिचे डोळे पांढुरके होतात, चढण चढताना धाप लागते, आणि घरचे लोक म्हणतात, ‘हिला कामाचा आळस.’ गोलकृमीची गोष्ट निराळी. तो वीतभर लांब असतो, आणि त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. मुलाच्या वाढीला लागणाऱ्या अन्नात तो वाटेकरी होतो, आणि एकमेकांत गुंतलेल्या जंतांचा गठ्ठा कधी कधी आतडेच अडवून धरतो.

हे सारे नुकसान उघड आहे. पण येथेच एक कोडे उभे राहते. आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था एवढी कडक की, बोटात गेलेले कुसळदेखील ती दोन दिवसांत पू करून बाहेर टाकते. असे असताना वीतभर लांबीचा परका प्राणी वर्षभर, आणि अंकुशकृमी तर कित्येक वर्षे, आतड्यात सुखाने नांदतो कसा? ह्याचे उत्तर असे की, तो यजमानाच्या रखवालदारांना शांत करतो. कृमी आपल्या अंगातून असे पदार्थ सोडतो की, ज्यांमुळे शरीरातील दाहक प्रतिक्रिया सौम्य होते. रखवालदार जागे असतात, पण त्यांची काठी खाली असते. यजमान आणि पाहुणा ह्यांच्यात एक अलिखित तह होतो. हा तह लक्षात घेतल्याशिवाय पुढील कोणतीच गोष्ट समजणार नाही.

आता संप्रेरकांकडे वळू. इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग ह्याने १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. ‘चेतविणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला आहे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही त्याच अर्थाचा. एका ग्रंथीने रक्तात सोडलेला हा रासायनिक निरोप दूरच्या अवयवाला जाऊन सांगतो : वाढ, थांब, साखर साठव, साखर मोकळी कर, बीज तयार कर. ह्या निरोपांत परक्याने ढवळाढवळ केली तर काय होईल?

ह्याची काही उदाहरणे विलक्षण आहेत. स्पायरोमेट्रा नावाचा एक पट्टकृमी आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील जस्टस म्यूलर ह्या संशोधकाला असे आढळले की, ह्या कृमीच्या अळ्या उंदराच्या अंगात सोडल्या की उंदीर लठ्ठ होतात. पुढे तर मेंदूखालची पोष ग्रंथी काढून टाकल्यामुळे ज्यांची वाढ खुंटली होती, असे प्राणीही ह्या अळ्यांच्या संगतीत वाढू लागले. अधिक शोधांती कळले की, ही अळी जो पदार्थ सोडते, तो यजमानाच्या वृद्धि-संप्रेरकासाठी असलेल्या कुलपात जाऊन बसतो. बिऱ्हाडकरूने घरमालकाच्या किल्लीची नक्कल करून घेतली होती, असेच म्हणावयाचे! दुसरे उदाहरण मेक्सिकोतील प्रयोगशाळेचे. तेथे नर उंदरांना दीर्घकाळ एका पट्टकृमीच्या अळ्यांचा संसर्ग राहू दिला, तेव्हा त्यांच्यातील पुरुष-संप्रेरक नव्वद टक्क्यांनी घटले आणि स्त्री-संप्रेरक कितीतरी पटींनी वाढले. ह्या बदलाने अळ्यांचे पीकही फोफावले; कारण तो कृमी मादी उंदरांतच अधिक जोमाने वाढतो. घर आपल्याला मानवत नाही, तर घरच बदलून घ्यावे, असा हा प्रकार आहे.

ही झाली उंदरांची कथा. ती जशीच्या तशी माणसाला लावता येणार नाही. परंतु माणसांतही एक सूचक गोष्ट आढळली आहे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या अरण्यात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शेती, शिकार आणि मासेमारी ह्यांवर त्यांचे पोट चालते, आणि बहुतेकांच्या आतड्यांत कोणता ना कोणता कृमी असतोच. ९८६ स्त्रियांच्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ साली संशोधकांनी असे दाखविले की, ज्या स्त्रियांना अंकुशकृमी होते, त्यांना पहिले मूल उशिरा झाले आणि दोन मुलांतील अंतर वाढले. आणि ज्यांना गोलकृमी होते, त्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले, पहिले मूल लवकर आणि पुढची अंतरे कमी. संशोधकांचा तर्क असा की, गर्भधारणेसाठी शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेला थोडी मुरड घालावी लागते, आणि गोलकृमीने ती मुरड आधीच घातलेली असते. हा तर्क अद्याप तर्कच आहे. पण कृमी कोणत्या जातीचा, ह्यावर स्त्रीच्या कूसवेळेचे गणित हलावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे खास. ‘जंत’ हा एकच शब्द आपण सर्वांना लावतो. वस्तुतः प्रत्येक बिऱ्हाडकरूची रीत न्यारी असते.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे साखरेकडे आणि मेदाकडे येऊ. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला, हे सर्वश्रुत आहे. स्वादुपिंडातून निघणारे हे संप्रेरक पेशींचे दार ठोठावते आणि ‘साखर आत घ्या’ असे सांगते. मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहात पुष्कळदा असे होते की, इन्सुलिन दार ठोठावीत राहते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. पेशी अशा बधिर का होतात? १९९३ साली अमेरिकेत ह्यासंबंधी एक महत्त्वाचा दुवा सापडला. लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत दाह उत्पन्न करणारा एक पदार्थ पाझरत असतो आणि तो इन्सुलिनचे काम बिघडवतो, असे दिसून आले. तोवर चरबी म्हणजे निव्वळ कोठार, अशी समजूत होती. पुढल्याच वर्षी चरबीतून निघणारे आणि भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले. आपल्या पोटावरचा मेद ही एक बोलणारी ग्रंथी आहे, आणि ती मर्यादेबाहेर वाढली की तिच्यात मंद आगीसारखा दाह धुमसत राहतो, हे मग स्पष्ट झाले.

श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल की, येथे दोन वाटा एकमेकींस मिळतात. लठ्ठपणा दाह चेतवतो. दाह इन्सुलिनला बधिरपणा आणतो. उलट, कृमीचा सारा प्रयत्न दाह शांत करण्याचा. मग कृमी पोटात असलेल्या माणसाचे शरीर इन्सुलिनला अधिक दाद देत असेल काय?

२०११ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचे उत्तर उंदरांत शोधले. आपल्या रक्तात इओसिनोफिल नावाची एक पांढरी पेशी असते. पॉल एर्लिख ह्याने तिला १८७९ साली ओळखले, आणि जंत झाले की तिची संख्या वाढते, हे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी घोकून ठेवतो. ह्या शास्त्रज्ञांना आढळले की, ही पेशी चरबीतही वस्ती करते आणि तेथल्या दाहावर पाणी टाकणाऱ्या पेशींना पोसते. मेदयुक्त अन्न देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना आतड्यातील एका कृमीचा संसर्ग झाला, तेव्हा त्यांच्या चरबीत ह्या पेशी वाढल्या आणि त्यांची साखर अधिक चांगली आटोक्यात राहिली.

माणसांतील पहिले इशारे त्याआधीच आपल्या देशातून आले होते. चेन्नईतील एका मोठ्या पाहणीत, हत्तीरोगाच्या कृमीचा संसर्ग मधुमेही लोकांत इतरांपेक्षा कमी आढळतो, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. मात्र अशा पाहणीवरून कार्यकारणभाव ठरविता येत नाही. ज्याच्या घरी पक्की न्हाणी, दाराला जाळी आणि ताटात तूप, त्याला कृमी कमी आणि मधुमेह अधिक व्हावयाचाच. त्यात कृमीचे कर्तृत्व किती आणि तुपाचे किती, हे कसे सांगावे? ह्याचा निवाडा एकाच मार्गाने होऊ शकतो. कृमी असलेल्या लोकांना औषध देऊन पाहावे, आणि नंतर काय बदलते ते मोजावे.

हे काम इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर झाले. तेथील नांगापांडा ह्या भागात जमिनीतून पसरणारे कृमी पुष्कळ. इंडोनेशिया विद्यापीठ आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठ ह्यांच्या संशोधकांनी घराघरांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काही घरांना दर तीन महिन्यांनी तीन दिवस अल्बेंडाझोल ह्या जंतनाशकाच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. गोळी कोणती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. वर्षानंतर उपाशीपोटीच्या रक्तातील साखर व इन्सुलिन मोजले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुपदरी होता. सबंध वस्तीचा विचार केला, तर औषधाने इन्सुलिनच्या कामात काही फरक पडला नव्हता. परंतु ज्यांच्या पोटात आरंभी खरोखरच कृमी सापडले होते, तेवढ्यांचाच हिशेब केला, तेव्हा जंत गेल्यावर त्यांची शरीरे इन्सुलिनला थोडी कमी दाद देऊ लागली, असे दिसले.

हा फरक लहान होता.  आणि सर्वत्र हेच घडते, असेही नाही. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातील बेटांवर जेव्हा अधिक जोरकस जंतनाशक उपचार झाले, तेव्हा इन्सुलिनच्या मोजणीत फरक आढळला नाही. मात्र रक्तातील घातक कोलेस्टेरॉल काहीसे वाढलेले दिसले. तथापि एक गोष्ट मानावीच लागते. बिऱ्हाडकरू निघून गेल्यावर घर पूर्वीसारखे होत नाही. त्याच्या राहण्याने घरात जी सवय जडलेली असते, तीही त्याच्याबरोबर जाते.

येथवर आल्यावर एखादा चाणाक्ष श्रोता विचारील, ‘मग डॉक्टर, जंत पाळावे की काय?’ प्रश्न थट्टेचा वाटला, तरी तो गंभीरपणे विचारला गेला आहे. ऑस्ट्रेलियात चाळीस लठ्ठ पण अद्याप मधुमेह न झालेल्या स्वयंसेवकांपैकी काहींच्या कातडीवर अंकुशकृमीच्या वीस किंवा चाळीस अळ्या मोजून सोडण्यात आल्या, काहींवर नुसतेच खोटे द्रावण लावले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात वीस अळ्यांच्या गटाची इन्सुलिनची स्थिती वर्षअखेर सुधारलेली आढळली. तशीच पोटाची दुखणीही काहींच्या वाट्यास आली. प्रयोग लहान आहे, आणि त्याचा मूळ हेतू हे करणे सुरक्षित आहे किंवा नाही एवढेच पाहण्याचा होता.

ह्या प्रश्नाला माझे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. ऑस्ट्रेलियातील त्या धष्टपुष्ट स्वयंसेवकाच्या पोटात वीस अळ्या मोजून गेल्या; त्याच्या ताटात मांस आहे, त्याच्या रक्तात लोह आहे, आणि नको वाटल्यास दुसऱ्या दिवशी औषध घेण्याची त्याला सोय आहे. आपल्या मळ्यातील मजूर बाईच्या पोटात किती गेले, ते कोणी मोजलेले नाही. एकाला जो प्रयोग, तो दुसऱ्याला आजन्म दंड. शिवाय कृमीने मुलाची वाढ आणि शाळेतील लक्ष हिरावून घ्यावे, आणि त्या बदल्यात चाळिसाव्या वर्षी येणारी साखर पाच वर्षे लांबणीवर टाकावी, हा सौदा कोणत्याही सुजाण बापाने मान्य करू नये. कृमीच्या अंगातील जो पदार्थ दाह शमवितो, तो उद्या शास्त्रज्ञांनी वेगळा काढून औषध म्हणून दिला, तर अवश्य घ्यावा. विद्या गुरूकडून घ्यावी. गुरू पोटात ठेवण्याचे कारण नाही.

परंतु ह्या साऱ्या कथेतून आपल्या व्यवहारासाठी दोन सूचना निघतात, आणि त्या सांगण्यासाठीच मी आज आपल्यापुढे आलो आहे.

पहिली सूचना स्टेरॉइड औषधांसंबंधी आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांच्या कॉर्टिसॉल ह्या संप्रेरकाचीच ही औषधे म्हणजे कृत्रिम भावंडे होत. दमा, संधिवात, त्वचेचे विकार ह्यांवर ती अमोल आहेत. २०२० सालापासून कोविडच्या साथीत त्यांनी असंख्य प्राण वाचविले. पण स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक सूक्ष्म कृमी आहे. इतर बहुतेक कृमींची प्रजा माणसाच्या शरीराबाहेर जाऊनच वाढते. हा मात्र यजमानाच्या आतच पिढ्यान्‌पिढ्या वंश चालवितो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबविले गेलेले युद्धकैदी घरी परतल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीदेखील त्यांच्या पोटात हा कृमी सापडला, आणि मधल्या काळात कित्येकांना त्याची जाणीवही नव्हती. अशा माणसाला दीर्घकाळ स्टेरॉइड दिले, की तो अलिखित तह मोडतो. रखवालदार झोपी जातात, अळ्या आतडे ओलांडून सर्व शरीरात पसरतात, आणि आपल्याबरोबर आतड्यातील जंतू रक्तात नेतात. मग रोगी वाचणे अवघड होते. काही संशोधकांचे अनुमान तर असे आहे की, स्टेरॉइडपासून शरीरात बनणारे पदार्थ त्या अळ्यांना प्रत्यक्ष ‘वाढा’ असाच निरोप देत असावेत.

म्हणून ज्यांचे आयुष्य ओल्या मातीत अनवाणी गेले आहे, मग तो भातखाचरातील शेतकरी असो की चहामळ्यातील मजूर, त्यांनी स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. मी शहरात राहावयास येऊन वीस वर्षे झाली, आता त्याचे काय, असे म्हणू नये. शौचाच्या साध्या तपासणीत हा कृमी पुष्कळदा हुलकावणी देतो आणि जंतांच्या नेहमीच्या एका गोळीला तो सहसा बधत नाही. त्याला वेगळी तपासणी आणि वेगळे औषध आहे. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते साखर वाढविते, आणि हा झोपलेला शत्रूही जागा करते.

दुसरी सूचना ताटासंबंधी आहे. आपल्या देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हे काम उत्तम आहे, आणि कोणत्याही पालकाने आपल्या मुलाची गोळी चुकवू नये. परंतु गोळी दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी दाखविले आहे की, आपल्याकडील बाळ जन्मतः वजनाला हलके असले, तरी त्याच्या अंगात मेदाचा अंश तुलनेने कमी नसतो. टंचाईसाठी घडलेले हे शरीर पुढे सुबत्तेत गेले की मधुमेहाकडे लवकर झुकते. अशा शरीरातून जंत गेले, भूक खुलली, अन्न अंगी लागू लागले, ही आनंदाची गोष्ट. पण त्या खुललेल्या भुकेपुढे आपण काय वाढणार? डाळ, भाजी, भाकरी, शेंगदाणे, अंडे वाढले तर रक्त भरेल आणि हाड वाढेल. साखरेचे पेय आणि तळलेली पाकिटे वाढली, तर ज्या घरातून एक बिऱ्हाडकरू नुकताच गेला, तेथे दुसरा, त्याहून चिवट असा बिऱ्हाडकरू येऊन बसेल; आणि त्याला घालविणारी एक मात्रेची गोळी अद्याप कोणाजवळ नाही.

आता चरकांचे ते तीन शब्द पुन्हा आठवू. अपकर्षण म्हणजे ती गोळी. ते आपण करीत आहोत. निदानाचा त्याग म्हणजे पायात चप्पल, घरात शौचकूप, आणि जेवणापूर्वी धुतलेले हात. ते करू लागलो आहोत, पण पूर्ण केलेले नाही. आणि प्रकृतिविघात म्हणजे रोगाला पोसणारी परिस्थिती मोडणे. ह्या शब्दाचा अर्थ चरकांच्या मनात कृमींपुरता होता. आज आपण तो थोडा रुंद करून घेतला पाहिजे. कृमींना पोसणारी गरिबी जशी मोडावयाची, तशीच मधुमेहाला पोसणारी बैठी सुबत्ताही मोडावयाची आहे. ही दोन कामे एकाच पिढीत, बहुधा एकाच घरात, करण्याची वेळ आपल्यावर आली आहे. बाप पानी-घावाच्या खुणा पायावर वागवतो आहे आणि मुलाच्या रक्तात साखर वाढते आहे, अशी घरे आज दुर्मिळ नाहीत.

वावडिंगाचा काढा देणाऱ्या आजीला संप्रेरके ठाऊक नव्हती. पण औषध देऊन झाल्यावर ती दुपारी मुलाला मऊ भात आणि मुगाचे वरण आपल्या हाताने भरवीत असे, आणि संध्याकाळी ‘बाहेर जाऊन खेळ, पण अनवाणी जाऊ नकोस’ असे बजावीत असे. आधी काढा, मग पथ्याचे जेवण, मग मोकळा खेळ आणि पायात वहाणा, असा तिचा क्रम होता. नव्या शास्त्राने त्यामागची कारणे आता आपल्या हाती दिली आहेत; तो क्रम पाळणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.